घरटी एक छाती

निवृत्त माणसाला ‘आता जरा फिरा’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. माझी सगळी नोकरी एका दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत गेली. खोली जिन्याखाली होती, खिडकी नव्हती आणि पंखा कधी चालायचा तर कधी नाही. त्यामुळे मला उजेडात पाठवण्याची सगळ्यांना घाई झाली असावी. बायको केरळचं म्हणत होती. मी मात्र दिवाळी उलटल्यावर सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर जाऊन आलो, आणि तेही एक्स-रे काढायलाच. घरी अजून त्यावरून बोलणी खातो आहे.

त्याचं असं झालं. पाड्यापाड्यावर जाऊन क्षयाचे रोगी शोधणारी एक संस्था आहे. हातात धरून चालवायचं एक्स-रे यंत्र घेऊन ही मंडळी जीप जाईल तिथपर्यंत जीपने आणि पुढे पायी जातात. त्यांचा एक तंत्रज्ञ मोटारसायकलवरून घसरून पाय मोडून बसला. ओळखीतल्या एकाने माझं नाव सुचवलं. दोन-तीन दिवसांचा प्रश्न होता, जेवणखाण त्यांच्याकडे. मी हो म्हटलं, कारण ते यंत्र मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर त्यातली खोट काढायची होती.

पाड्याचं नाव देत नाही. तिथे आजारी माणसं आहेत आणि ती नातेवाइकांना सांगत नाहीत ते छापून सांगायचं मला कारण नाही. गुजरातच्या हद्दीकडे झुकलेला, डोंगराच्या पोटात बसलेला पाडा, एवढं पुरे. माणसांची नावंही मी बदलली आहेत.

द्वारका

सकाळी आमच्या शहरातल्या द्वारका चौकात मालेगावची एसटी थांबली आणि तिच्यातून शबाना उतरली. यंत्र चालवणारी हीच. पंचविशी पार केलेली असेल, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, पाठीवर सॅक आणि एका हातात स्टीलचा डबा. द्वारकेच्या त्या गोंगाटात, रिक्षावाल्यांच्या हाका चुकवत ती सरळ आमच्या जीपकडे आली.

“सर, यंत्र कुठे ठेवू?” तिने विचारलं.

“कुठे आहे यंत्र?”

तिने सॅककडे बोट केलं. मी ज्या यंत्राशी जन्म काढला ते हलवायला सहा हमाल लागले असते, आणि तरीही ते हललं नसतं. हिच्या सॅकमधून लग्नातल्या फोटोग्राफरकडे असावा तसला एक जाडजूड कॅमेरा निघाला. मी तो हातात घेऊन बघितला. वजन होतं, पण पाहुण्यांच्या पोराला कडेवर घ्यावं एवढंच. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला मजा वाटत होती हे दिसत होतं.

पेठ रस्त्याने रामशेजचा किल्ला मागे पडेपर्यंत तिने मला सगळं समजावलं. छातीमागे एक पाटी धरायची, समोरून यंत्र रोखायचं, चित्र लॅपटॉपवर येतं. मग लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर ते वाचतं आणि संशयाची जागा लाल करून दाखवतं. संशय नसेल तर हिरवी खूण. मी म्हटलं, छातीचा फोटो वाचायला डॉक्टरांची उमर जाते. ती म्हणाली, “सर, डॉक्टर येतात कुठे तिकडे?” मी खिडकीबाहेर बघू लागलो.

सावळघाटाच्या पुढे देश बदलतो. द्राक्षांच्या तारा संपतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. भात निघालं होतं, खळ्यांवर झोडणी चालली होती, उतारांवर खुरासणीच्या फुलांचा पिवळा रंग ओसरत आला होता. पुढे डांबर सोडल्यावर एका ओहोळात आमच्या जीपचा सायलेन्सर दगडाला लागून तुटला. त्यानंतर जीप असा आवाज करू लागली की आम्ही येतोय हे दरीतल्या सगळ्या पाड्यांना आम्ही पोहोचायच्या बरंच आधी कळलं. ड्रायव्हरला वाईट वाटत होतं. मला बरं वाटलं, कारण माझी सगळी हयात लोक माझ्याकडे येण्यात गेली होती आणि आता मी लोकांकडे वाजतगाजत चाललो होतो.

शाळेच्या पडवीत

शाळेला अजून दिवाळीची सुट्टी होती. पडवीत आम्ही मांडामांड केली. पाटी खिडकीच्या गजाला टांगली, आडोशाला एक लुगडं बांधलं, शिशाचा एप्रन शबानाने चढवला. गावची आशाताई एका बाळंतिणीला घेऊन आदल्या दिवशीच तालुक्याच्या दवाखान्यात गेली होती. तिने जाताना काशीरामला निरोप सांगून ठेवला होता.

हा काशीराम तिशीतला, उंच, काटक माणूस. गावात काहीही सांगायचं असलं की टेकाडावर उभं राहून हाळी देण्याचं काम त्याचं. हे काम त्याच्या बापाकडे होतं, त्याआधी आजाकडे. आवाज एवढा मोठा की तो शेजारी उभा राहून बोलला तरी आपण अर्धं पाऊल मागे सरतो. त्याने लोकांना सांगून ठेवलं होतं आणि आम्ही पोहोचलो तेव्हा रांग लागलेली होती. शहरात एवढी सरळ रांग मी बँकेतही पाहिलेली नाही.

पुरुष सदरा काढून उभे राहत. बायकांच्या गळ्यातले काळे मणी हा माझ्या धंद्यातला जुना तंटा आहे, कारण ते चित्रात उमटतात आणि काढायला कोणी तयार नसतं. दवाखान्यात मी त्यावरून पुष्कळ आरडाओरडा केलेला आहे. इथे पहिलीच बाई आली, तिने मणी वर ओढले आणि दातात धरले. मागच्या सगळ्यांनी तसंच केलं. गळा मोकळा, मणी अंगावर आणि तोंड बंद, त्यामुळे श्वासही आपोआप रोखलेला. मी ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ म्हणत राहिलो. शहरात ही युक्ती कोणाला का सुचली नाही कोण जाणे.

आणि चित्रं! एकामागून एक अशी स्वच्छ की मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बरगड्या कोरल्यासारख्या, फुप्फुसं काळीभोर, फुप्फुसांखालचा पडदा जागच्या जागी. सॉफ्टवेअर हिरवं, हिरवं आणि हिरवं. ते आणि मी पहिल्यांदाच एकमताचे झालो.

“इथली हवा चांगली आहे ना, सर,” शबाना म्हणाली.

मग मला चेव आला. डोंगरातली हवा, नागलीची भाकर, चढउताराची सवय यावर मी तिला बरंच ऐकवलं. आमच्या इंदिरानगरातले लोक शंभर पावलांवरच्या दुकानात स्कूटरने जातात आणि मग छातीत भरल्यासारखं होतं म्हणून तपासणीला पळतात. ह्या लोकांकडे बघा, म्हटलं. शबाना ऐकून घेत होती. आज इतक्या दिवसांनी ते भाषण आठवलं की मला माझंच तोंड दाबावंसं वाटतं.

काशीराम शेवटी उभा राहिला. त्याचं चित्र तर वर्गात टांगून शिकवावं असं. मी त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हटलं, “एकदम साफ. काही काळजी नाही.”

“साफ ना?” त्याने दोनदा विचारलं.

“साफ.”

त्याचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, हा माणूस बरेच दिवस घाबरलेला असणार. त्याने लगेच आम्हाला रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं आणि नाही म्हणायची सोय ठेवली नाही.

काशीरामच्या घरी

दिवस कलता कलता आम्ही त्याच्या घरी गेलो. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणाचा गिलावा, पुढे सारवलेला ओटा. ओट्यावर दोन मोठी गाठोडी बांधून तयार होती आणि एक पातेलं उपडं घातलेलं होतं. सकाळी पिकअप येणार होती. भाताचं काम संपलं की ह्या भागातली माणसं द्राक्षांच्या बागांवर जातात, निफाडकडे, दिंडोरीकडे. मुकादम नवराबायकोची जोडी बघून घेतो. एकटा माणूस त्याला नको असतो. गेलेले लोक परततात ते शिमग्याला.

काशीरामच्या आईने वाढलं. नागलीची भाकर, उडदाचं दाट वरण, लाल तांदळाचा भात आणि खाचरातल्या खेकड्यांचं कालवण. उडदाचं वरण आमच्याकडे कोणी करत नाही. मी तीनदा घेतलं. शबाना खेकडा खात नव्हती, तिने आपला डबा उघडला आणि त्यातलं आंब्याचं लोणचं सगळ्यांच्या पानात घातलं. काशीरामची आई ते चाटून बघून डोळे मिटून हसली.

तेवढ्यात कुडाच्या पलीकडे कोणीतरी खोकलं. थांबलं. पुन्हा खोकलं, आणि मग तोंडावर पदर दाबून खोकल्यासारखा आवाज आला.

“कोण आहे आत?” मी विचारलं.

“घरवाली,” काशीराम म्हणाला. “यमुना.”

“बरं नाही का?”

“चुलीचा धूर जातो नाकातोंडात. भात लावणीपास्नं बारीक झालीय जराशी.”

लावणी म्हणजे आषाढ. आम्ही दिवाळीनंतर जेवत होतो.

“सकाळी शाळेवर दिसली नाही ती?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो होतो. “मी आलतो ना, सायेब.”

“तू आलास. ती का नाही आली?”

“घरटी एक माणूस सांगला व्हता.”

“कोणी सांगितला?”

“मीच हाळी दिली ना,” तो म्हणाला. “घरटी एक माणूस शाळेवर.”

माझा घास हातातच राहिला. शबानाने डबा खाली ठेवला. हळूहळू विचारता विचारता सगळं बाहेर आलं. ह्या पाड्यावर कोणतंही सामाईक काम निघालं की हाळी हीच असते. बांध फुटला, घरटी एक माणूस. कोणाचं घर शाकारायचं, घरटी एक माणूस. गावदेवाची पूजा, ग्रामसभा, रेशनवाल्याची तक्रार, सगळीकडे घरटी एक. आशाताईने ‘सगळ्यांना सांग’ म्हटलं, आणि काशीरामने बापजाद्यांच्या चालीने सगळ्या घरांना सांगितलं. घरांनीही नेहमीसारखा उभा राहू शकेल, गावाची लाज राखेल असा धडधाकट माणूस पाठवला. म्हातारी, खोकणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं घरी राहिली. दिवसभर मी गावातल्या निवडक पहिलवानांच्या छात्या तपासून हवेचे गोडवे गात होतो.

हसावं की कपाळ बडवावं मला कळेना. कोणाला नावं ठेवायलाही जागा नव्हती. आमच्या सोसायटीची सभाही फ्लॅटमागे एक अशीच भरते, फक्त तिथे घरातला सर्वांत निकामी माणूस पाठवतात.

“पन तुमी सांगला, साफ हाय,” काशीराम म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “घर साफ हाय ना आमचा?”

“मी तुझी छाती साफ म्हटलं, काशीराम. तिची मी बघितलेलीच नाही.”

तो उठून आत गेला. आपसात ते त्यांची आदिवासी कोकणी बोलतात, आमच्याशी मराठी. आतलं बोलणं मला समजलं नाही, पण ती नाही म्हणत होती एवढं कळलं. थोड्या वेळाने ती दाराशी आली. अंगावर लुगडं टांगल्यासारखं दिसत होतं. तिच्या हातात आमच्यासाठी पाण्याचा तांब्या होता.

“मला काय नाय झाला,” ती म्हणाली. “धुराचा खोकला हाय. सकाळची गाडी हाय आमची.”

यंत्राची बॅटरी दिवसभरात संपली होती आणि शाळेत चार्जिंगला लावलेली होती. आत्ता काही करता येणार नव्हतं. सकाळी गाडीच्या आधी शाळेवर ये, असं शबानाने तिला विनवून सांगितलं. तिने मान हलवली. ती येणार नाही हे मला त्या मान हलवण्यावरूनच कळलं. पेशंट कधी येतो आणि कधी येत नाही एवढं तरी मला कळतं. आणि ही बाई एकदा त्या पिकअपमध्ये चढली की शिमग्यापर्यंत कोणत्या बागेत, कोणत्या शेडमध्ये आहे ते तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. तिचा खोकला शिमग्यापर्यंत तिची वाट बघेल असं मला वाटत नव्हतं.

काशीराम बाहेर आला, ओट्यावरून उतरला आणि टेकाडावर गेला. अजून थोडा उजेड होता. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली. पहिल्यांदा कोकणीत, मग बहुधा आमच्यासाठी मराठीत.

“ज्याला खोकला हाय, ज्याला ताप हाय, जो बसून हाय, त्यानी शाळेवर या! घरात असतील तेवढे या! धडधाकट नको!”

पलीकडच्या घरांतून कोणीतरी काहीतरी ओरडून विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. ते ‘धडधाकट नको’ ऐकून कोणीतरी मोठ्याने हसलं.

दुसरी सकाळ

सकाळी शाळेच्या पडवीत वेगळंच गाव जमलं होतं. काठी टेकत आलेले म्हातारे, सुनेच्या पाठीवर बसून आलेली एक आजी, झोळीत घालून आणलेला एक गडी. कालच्या रांगेतली धडधाकट मंडळी आता आपापल्या माणसांना धरून आणत होती. दोघेजण एकमेकांना चिडवत होते की तुझ्या घरचा माल काल दडवून ठेवलास की. लॅपटॉपवरचा हिरवा रंग आता सारखा टिकेना. मी बोलणं बंद केलं आणि कामाला लागलो.

यमुना आली नव्हती.

शाळेसमोरच्या वडाखाली पिकअप उभी होती. लोक गाठोडी चढवत होते, मुकादम हॉर्न वाजवत होता. काशीराम गाठोडी चढवून दोर आवळत होता आणि सारखा आमच्याकडे बघत होता. त्याला यावंसं वाटत होतं आणि गाडी चुकण्याची भीतीही होती. ती त्याला काय म्हणाली असेल ते मला ठाऊक नाही. माणूस बायकोचं ऐकतो तेव्हा ते नेहमीच चुकीचं असतं असं नाही, पण त्या दिवशी होतं.

शबानाने एप्रन न काढताच यंत्र सॅकमध्ये घातलं, पाटी बगलेत मारली आणि निघाली.

“कुठे?” मी विचारलं.

“ती येत नाही तर आपण जाऊ. म्हणून तर हे यंत्र बनवलंय, सर.”

मी रांगेतल्या लोकांना बसायला सांगितलं आणि लॅपटॉप छातीशी धरून तिच्या मागे चढ चढू लागलो. माझे गुडघे त्या दिवसापासून मला अधूनमधून शिव्या देतात.

यमुना ओट्यावर बसून डोक्याला फडकं बांधत होती. आम्हाला बघून उठली. शबानाने तिच्याशी वाद घातला नाही. तिने पाटी घराच्या मेढीला, म्हणजे ओट्यावरच्या लाकडी खांबाला, फडक्याने बांधली आणि म्हणाली, “ताई, गाडी सुटायच्या आत होतं. पाण्याचा घोट प्यायला लागतो तेवढा वेळ.” सासूने मागून काहीतरी खडसावलं. यमुना खांबाशी जाऊन उभी राहिली. मणी वर ओढून तिने दातात धरले. कोणाला सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात काशीरामही धावत आला. किरणांच्या वाटेत कोणी नको म्हणून मी त्याला आणि त्याच्या आईला कुडाच्या मागच्या बाजूला पाठवलं. “श्वास घ्या,” मी म्हटलं. तिने घेतला. तो अर्ध्यावर अडकला आणि खोकला आला. दुसऱ्यांदा जमलं.

चित्र आलं. सॉफ्टवेअरने लाल करायच्या आधीच मला दिसलं होतं. उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली, पांढुरका ढग आणि त्याच्या मधोमध एक पोकळी. असली चित्रं मी एवढी पाहिलेली आहेत की जेवताना पाहिली तरी माझा घास थांबत नसे. त्या ओट्यावर मात्र मला लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला.

वाचकाला इथेच सांगून टाकतो, कारण ताणून धरायची मला सवय नाही. एक्स-रे म्हणजे नुसता संशय, खात्री थुंकीच्या तपासणीने होते. थुंकीची डबी त्याच दिवशी तालुक्याला गेली. निकाल आम्हाला वाटला तोच आला. गोळ्या सुरू झाल्या आहेत. आशाताई परवा फोनवर म्हणाली की यमुना आता भाकर मागून खाते. काशीराम आणि त्याची आई दोघांचीही तपासणी झाली आहे. एवढं सगळं पुढे झालं. पण मी जे सांगायला बसलो आहे ते ओट्यावरच घडलं.

शबाना तिच्या शेजारी बसली. “ताई, छातीत डाग दिसतोय,” ती म्हणाली. “थुंकी तपासावी लागेल. टीबी असला तरी गोळ्यांनी जातो. माझ्या अब्बांना झाला होता. मागावर काम करतात ते, मालेगावला. हाडं राहिली होती नुसती. गोळ्या पूर्ण केल्या. आता परत माग चालवतात, आणि माझ्यावर ओरडतातपण.”

यमुनाने लॅपटॉपकडे बघितलंही नाही. ती घाबरली नाही, रडली नाही, की हे असं कसं झालं असंही तिने विचारलं नाही. ते मला चमत्कारिक वाटलं.

“थुंकीतून कधी रक्त पडलं का?” मी विचारलं.

“पोळ्यापासून पडतं,” ती म्हणाली. एखादीने गाय कधी व्याली ते सांगावं इतक्या सहज.

“घरात कोणाला सांगितलं नाही?”

“चुलीत थुकते. राखंत दिसत नाय.”

मग मात्र माझा पारा चढला. दवाखान्यातला माझा जुना आवाज बाहेर आला. “अहो, मग काल शाळेवर का नाही आलात? नवरा ठणठणीत आहे तुमचा! त्याच्याऐवजी तुम्ही यायचं होतं. एवढं रक्त पडतंय आणि तुम्ही त्याला पाठवून घरी बसलात?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला समजत नाहीये आणि मला समजवायला हवं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

“घरातून एकानंच जायचा व्हता ना,” ती म्हणाली. “आखाडात त्यांलाबी ताप आलता, खोकत व्हते. मीच त्यांला धाडलं. माझं मला ठावं व्हतं, सायेब. त्यांचं ठावं नव्हतं.”

शबानाने तोंड फिरवलं. मी लॅपटॉप मिटला. घराच्या वाट्याला एकच फोटो आहे असं धरून ह्या बाईने तो त्याला देऊन टाकला होता. ‘साफ’ हे उत्तर तिला मिळालं होतं आणि त्यावर ती खूश होती.

कुडाच्या मागे काशीरामने सगळं ऐकलेलं असणार, कारण त्या भिंतीआड काही लपत नाही. त्याची आई काहीतरी पुटपुटली. मग पावलं वाजली आणि तो आमच्यासमोरून, आमच्याकडे न बघता, खाली वडाकडे गेला.

पिकअपचं इंजिन सुरू होतं. तो मागच्या फळीवर चढला आणि स्वतः आवळलेला दोर सोडू लागला. मुकादम खाली उतरून ओरडला, “अरे ए, काय करतो? ती नाय तं तू एकटा चल या खेपेला, बघतो मी काहीतरी!” काशीरामने मान वर केली नाही. एक गाठोडं खाली आलं, मग दुसरं. पातेलं त्याने हातात घेतलं. गाडीतल्या बायकांपैकी एकीने कोपऱ्यातून काहीतरी काढून त्याच्याकडे दिलं. गाडी निघून गेली.

तो चढ चढून आला तेव्हा गाठोडी दोन्ही खांद्यांवर होती, एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात यमुनाच्या चपला होत्या. गाडीत आधीच ठेवल्या असाव्यात. तो ओट्यापाशी थांबला, गाठोडी आणि पातेलं टाकलं, खाली बसला आणि त्या चपला त्याने तिच्या पायांपुढे ठेवल्या.

“चल,” तो म्हणाला. “डबी द्यायला आपून दोघं जाऊ.”